‘करंट’ हा शब्द मी घातला

“करंट लागलेल्या माणसाला लगेच हात लावा, घाबरू नका. त्याच्या अंगात करंट राहत नाही.”

हे वाक्य सरांच्या लेखात आलं, पण ते सरांचं नाही, माझं आहे. आणि ते चूक आहे. साधी चूक नाही, माणूस मारणारी चूक आहे. तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावला की लावणाराही चिकटतो. कुणी इथंच वाचायचं थांबणार असेल तर त्यानं एवढं घेऊन जावं : आधी लाईट तोडायची, मग माणूस धरायचा.

बाकीचं ज्याला वेळ असेल त्यानं वाचावं.

मोखाड्यात तहसील कचेरीच्या रस्त्याला एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. दाखल्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, रेशनकार्डात नाव वाढवायचं, कमी करायचं, हे सगळं मी टाईप करते. माझं गाव हिंगोलीकडं. आठवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला इकडं आला आणि त्याच्या मागून मी. टायपिंग इथंच शिकले, दुकानातल्या आधीच्या बाईच्या शेजारी उभी राहून. तोंड उघडलं की लोकांना कळतं मी इथली नाही. मी ‘म्हणलं’ म्हणते, त्याला हसतात. हसून मग अर्ज माझ्याकडूनच करून घेतात, कारण माझ्या हातून अक्षर चुकत नाही असं नाव झालं होतं. झालं होतं, असंच म्हणते.

सर जव्हारला राहतात. भौतिकशास्त्रज्ञ आहेत. सगळी नोकरी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेली. धातू खूप खूप थंड केला की त्यातून करंट कसा वाहतो, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बघितलं. निवृत्त झाल्यावर जव्हारला दोन खोल्या घेतल्या आणि मराठीत विज्ञानाचा ब्लॉग सुरू केला. हातानं लिहितात, पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीनं. एकेक लेख तीनदा लिहितात. तिकडच्या एका टायपिंगवाल्यानं त्यांच्या लेखातले सगळे ‘रेणू’ ‘रेणुका’ करून टाकले, तेव्हा बाजाराच्या दिवशी मोखाड्यात आले आणि माझ्यासमोर कागद ठेवला.

मी टाईप करत होते आणि सर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून माझी बोटं बघत होते. पडद्याकडं बघतच नव्हते.

“का थांबलात?” ते म्हणाले.

“नाही, कुठं थांबले.”

“थांबलात. तिसऱ्या ओळीत.”

तिसऱ्या ओळीत ‘गुरुत्वीय त्वरण’ होतं. मला वाटलं आता बोलणार, शिकलेली नाही म्हणून. त्यांनी माझ्याकडून कागद घेतला, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘खाली पडताना वाढत जाणारा वेग’. म्हणाले, “तुम्ही थांबता तिथं माझा वाचक पडतो. किती शिकलात?”

“सातवी पास.”

“छान. म्हणजे चुकीचं शिकवलेलं कमी असेल.”

तेव्हापासून दर पंधरवड्याला ते यायचे. आपल्याला कुणी इतकं काही विचारत नाही हो. नवरा विचारतो जेवण झालं का, गिऱ्हाईक विचारतं किती वेळ लागेल. सर विचारायचे, हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं? त्यांचा एक नियम होता, ‘कळलं का?’ असं कुणाला कधी विचारायचं नाही. त्याला लोक हो म्हणतात, नाहीतर करणार काय बिचारे. विचारायचं, ‘काय कळलं?’ मी सांगायचे, ते पेन्सिल काढायचे. लेख ब्लॉगवर चढवायचं कामही पुढं माझ्याकडंच आलं. एका लेखाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘पहिल्या वाचक : मोखाड्याच्या टायपिस्ट’. घरी नवऱ्याला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, “नाव कुठाय?” नाव नको, असं मीच सरांना सांगितलं होतं. भीती वाटते मला छापलेल्या नावाची. चूक झाली की ते नाव तसंच राहतं.

आता त्या चुकीचं सांगते.

हिवाळ्यात सरांनी घरातल्या वायरिंगवर लेख लिहिला. त्यात जागोजागी ‘विजेचा धक्का’ होतं. मी म्हणलं, सर, असं कुणी बोलत नाही. वीज म्हणजे वरून पडते ती. घरातली ती लाईट. आणि तिचा बसतो तो करंट. ‘करंट लागला’ म्हणतात. सर खूश झाले. “सगळीकडे बदलून टाका,” म्हणाले, “आणि यापुढेही माझ्या कागदात हे दिसलं की बदलत जा. विचारायची गरज नाही.”

आमच्या धंद्यात बदलायची एक रीत असते. एकाचा अर्ज तयार असला की दुसऱ्यासाठी तोच उघडायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हे नाव शोध, त्याच्या जागी हे घाल. एक बटण दाबलं की वरपासून खालपर्यंत सगळीकडं बदलतं. मी दिवसातून वीस वेळा हेच करते.

मे महिन्यात सरांनी वीज पडण्यावर लेख लिहिला. पावसाआधीच्या या दिवसांत आमच्याकडं डोंगरावर विजा फार पडतात. लोक विजेनं पडलेल्या माणसाला शिवायला घाबरतात, त्याच्या अंगात वीज भरलीय म्हणतात, आणि तो तसाच राहून जातो. म्हणून सरांनी मुद्दाम लिहिलं होतं, ‘अशा विजेचा धक्का बसलेल्या माणसाला लगेच हात लावा, घाबरू नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही.’ आभाळातली वीज एका क्षणात येऊन जाते, त्यामुळं हे अगदी खरं आहे. तारेतला करंट जात नाही, चालूच राहतो. तिथं हेच वाक्य उलटं होतं.

मी बटण दाबलं. ‘विजेचा धक्का’ गेला, ‘करंट’ आला. मग ‘बसलेल्या’चं ‘लागलेल्या’ केलं. पुढचं ‘वीज राहत नाही’ कानाला जुळेना, म्हणून तिथंही हातानं ‘करंट’ घातलं, आणि आधीचं ‘अशा’ काढून टाकलं. वाक्य गुळगुळीत झालं. त्या आठवड्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला मनाई होती. फोनवर म्हणाले, “तुम्ही बघितलंय ना? मग चढवा.”

मी चढवला.

चार दिवसांनी बाजार होता. दुकानासमोर सूर्यमाळच्या जीपा लागतात. एक जीपवाला सीट भरायची वाट बघत बॉनेटला टेकून मोबाईल ऐकत होता, आवाज मोठा करून. एका बाईचा आवाज होता, इकडच्या घरच्या बोलीत. ती बोली मला निम्मी कळते. पण मधे ‘करंट’ आलं, ‘हात लावा’ आलं, आणि माझ्या बोटांखालचा अर्ज तिथंच थांबला.

मी बाहेर गेले. “काय ऐकतोस रे भाऊ?”

“आमच्या आशाताईचा आवाज हाय. सरांचा लेख सांगितलाय तिनं.” आशाताई म्हणजे सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची आरोग्याचं काम बघणारी. सरांचे लेख ती आपल्या बोलीत बोलून ग्रुपवर टाकायची, हे मला माहीत होतं. मला त्याचा अभिमानच होता. “आता वायरमनचं काय काम राहिलं नाय,” जीपवाला हसत म्हणाला. “करंट लागला तर लावा हात. शास्त्रज्ञानं सांगितलंय.”

“असं कुठं सांगितलंय?”

“हे काय. परत लावू?”

त्यानं परत लावलं. मी ऐकलं. वाक्य माझंच होतं, भाषा तिची होती. 

आत येऊन लेख उघडला. होतं, तसंच होतं. तो पहिल्यांदा ब्लॉगवरून काढून टाकला आणि सरांना फोन लावला. रिंग वाजत असताना मनात काय काय आलं ते खरं सांगते. सगळ्यात आधी हे आलं नाही की कुणी मरेल. आधी हे आलं, की आता सर यायचे बंद होणार. दुसरं ते आलं. त्याची लाज मला अजून आहे.

मी एका दमात सांगितलं. सरांनी आधी एवढंच विचारलं,

“ती ध्वनिफीत किती जणांकडे गेली असेल?”

“बाजारात जीपवाल्याकडं आहे सर. म्हणजे सगळीकडं गेली.”

“पाड्यावर लाईट आहे?”

“खांब आहेत. पण आता विहिरी आटल्यात. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि तिथून मोटर लावून वर टाकीत चढवतात. तारेवर आकडा टाकून.”

आकडा म्हणजे काय ते सरांना सांगावं लागलं नाही. उघडी तार, ओली जमीन, आणि रोज मोटर.

“मी निघतो,” ते म्हणाले.

“सर, डोळा. धुळीत जायचं नाही सांगितलंय.”

“काळा चष्मा दिलाय त्यांनी. तोवर आशाताईंना फोन लावत राहा.”

मी बावीस वेळा लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. तासाभरानं सर जव्हारहून जीपनं उतरले, काळा चष्मा, त्यावर रुमाल. मला वाटलं बोलतील. ते एवढंच म्हणाले, “लेख काढलात तो परत चढवा. वाक्य दुरुस्त करा आणि अगदी वर लिहा की आधी काय चुकीचं छापलं होतं. चूक पुसायची नाही. ज्यांनी ती वाचलीय, त्यांना ती चूक होती हे कळायला नको का?”

मी तसं केलं. घाईत ‘चूक’चा ‘चुक’ झाला, तो परत सुधारला. मग त्याच जीपवाल्याच्या पुढच्या सीटवर आम्ही दोघं बसलो. त्याला वाटेत सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. वळणावर हळूच म्हणाला, “मी पण पुढं पाठवलाय. माझ्या मेव्हण्याला. तो फ्यूज टाकायला डीपीवर चढतो.”

त्यानं जिथं रेंज मिळाली तिथं गाडी उभी करून मेव्हण्याला फोन लावला. तो उचलेपर्यंत जीपमधल्या बाया, कोंबड्या, कुणी आवाज केला नाही. त्यानं उचलला. जीपवाला त्याला पहिली शिवी देऊन मग बोलला.

माझ्या मोठ्या भावाला एकदा करंट लागला होता. गावाकडं, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला चिकटला होता. आई धावली तर तिघांनी तिला धरून ठेवलं, आणि चुलत्यानं बैलगाडीची वाळकी फळी मारून त्याला सोडवला. मी समोर उभी होते, नऊ वर्षांची. आईच्या लुगड्याचा पदर फाटला होता ओढाओढीत. म्हणजे मला कुठल्या लेखातून शिकायचं नव्हतं. मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी बोटांनी वाक्य गुळगुळीत केलं. जीपमध्ये मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “मीही तुम्हाला सांगितलं होतं, विचारायची गरज नाही म्हणून. तेच माझं चुकलं.”

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. आशाताई अंगणवाडीच्या ओट्यावर वजनकाटा घेऊन बसली होती. आम्हाला बघून तिला आनंदच झाला. “सर आलं. ताई पण आल्या. बरं झालं, आम्ही तुमचीच गोष्ट करीत होतो. तुमच्यामुळं काल एक माणूस वाचला आमचा.”

सरांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. सरांच्या चष्म्यात मला काही दिसलं नाही.

समोरच्या घराच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, उजव्या हाताला फडकं गुंडाळून. काल मोटर चालू करताना त्याला करंट लागला होता. हात मोटरीला चिकटला. त्याची बायको वरून पळत आली आणि तिनं त्याला धरलं. दोघं जिवंत होते. बायको दारात उभी होती, लहान पोर कडेवर.

“मी ऐकलं होतं ना आशाताईचं,” ती म्हणाली. “म्हणून धरला. एरवी नसता धरला. धरला न् सुटला. सर, तुमचं लय उपकार.”

मी तयारी केली होती ती रागाची. कुणी मेलं असेल याचीही केली होती, वाटेत, एकेक वळणाला. कुणी आभार मानेल याची नव्हती. बायकोच्या मागं आणखी दहा-बारा जण येऊन उभे राहिले आणि सगळे आमच्याकडं कौतुकानं बघत होते. त्या पाड्यावर आता माझं खोटं वाक्य खरं ठरलं होतं. समोर पुरावा बसला होता, हाताला फडकं बांधून.

सर सांगायला लागले. आभाळातली वीज वेगळी, तारेतला करंट वेगळा. काठीनं जमिनीवर खांब काढला, माणूस काढला, करंट माणसातून जमिनीत कसा उतरतो ते काढलं. शेजारी दुसरा माणूस काढला. चांगली दहा मिनिटं बोलले, धाप लागेपर्यंत. शेवटी म्हणाले, “कळलं का?”

“हो सर,” सगळे म्हणाले.

मला माहीत होतं. सरांनाही बोलून झाल्यावर लक्षात आलं असावं, कारण त्यांनी काठी खाली ठेवली. मी त्या बायकोला विचारलं, “ताई, काय कळलं?”

तिनं पोर सावरलं. “सरांना उन्हात उभं नाय केलं पायजे.” सगळे हसले. मग ती म्हणाली, “सर म्हणतात, हात लावायचा नाय. सर मोठं हायेत. पण मी लावला ना. मला काय पण झालं नाय. माझा नवरा बसलाय तिथं.”

सर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “त्यांनी करून बघितलंय. माझ्याकडे नुसतं सांगणं आहे.” त्यांचा आवाज थकलेला होता. आयुष्यभर ज्यांनी लोकांना करून बघा म्हणलं, त्यांना त्या ओट्यासमोर बोलता येईना.

आणि ही बाई उद्या परत धरणार होती. हिला तर आता खात्रीच झाली होती.

मला अर्ज लिहिताना एक सवय लागली आहे. माणूस म्हणतो, माझी जमीन गेली. मी विचारते कधी, कुणी मोजली, तेव्हा तुम्ही कुठं होता, मग काय झालं. सुरुवातीपासून, एकेक करून. तसंच विचारायला लागले, दुसरं काही येत नव्हतं म्हणून.

“तुम्ही कुठं होता?”

“घरात. भाकर टाकीत होते.”

“ओरडलं कोण?”

“दीर. तो विहिरीवर होता. ‘चिकटला, चिकटला’ असा.”

“मग तुम्ही पळालात. किती लांब विहीर?”

तिनं हातानं उतार दाखवला. खाली, साग संपतात तिथं. पळत जायलाही वेळ लागेल इतकी लांब.

“धरलंत तेव्हा हाताला काय झालं? झिणझिण्या?”

“कायच नाय. तेच तर सांगते.”

“मोटर चालू होती?”

“मोटर…” ती थांबली. “आवाज नव्हता.”

“कुणी बंद केली?”

तिनं दिराकडं बघितलं. दीर म्हणाला, “मी नाय. मी तर लांबच उभा होतो.”

“आकडा कुणी काढला?”

कुणीच काढला नव्हता. आकडा आत्ताही तारेवर होता, तिथून दिसत होता. माणसं एकमेकांना आपल्या बोलीत विचारायला लागली. मला कळेना. सर जिथल्या तिथं उभे होते, एकदम ताठ.

मागून एक म्हातारे बाबा पुढं आले. पाड्यावर नागली दळायची छोटी गिरणी आहे, ती त्यांची. म्हणाले, “काल माझं दळण अर्धं राहिलं.”

“कधी?”

“ह्याचाच आरडाओरडा झाला तेव्हा. मी तो ऐकून बाहेर आलो, तर ही उतारावरून पळत होती.” ते सांगता सांगता थांबले, मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “गिरणी चालू असती तर मला ऐकू कसा येईल? गिरणीत तर पोटातलं पण ऐकू येत नाय.”



“म्हणजे गिरणी आधी बंद पडली,” आशाताई सावकाश म्हणाली. “लाईट गेली होती. ही उतारावर असतानाच.”

ती बायको उभी होती तिथंच खाली बसली. पोराला कडेवरून मांडीवर घेतलं. मग नवऱ्याकडं बघितलं आणि नंतर स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडं बघत राहिली. “लाईट गेली नसती तर?” तिनं विचारलं.  “हे पोर घरात एकटं होतं. चुलीजवळ.”

मग मान वर करून तिनं विचारलं, “कुणी लिहिलं ते?”

“लेख माझा आहे,” सर म्हणाले.

“मी लिहिलं,” मी म्हणलं. “सरांनी बरोबर लिहिलं होतं. मी शब्द बदलला.”

“तुला म्हायती नव्हतं?”

“होतं. माझ्या भावाला लागला होता करंट. माझ्या आईला धरून ठेवलं होतं माणसांनी.”

“म्हायती असून?”

“माहिती असून.”

ती माझ्याकडं बघत होती. तिथं मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं नाही, त्याहून वाईट वाटलं. शाळेत निदान घंटा होते. शेवटी ती आशाताईला म्हणाली, “फोन काढ. पहिलं हिला बोलू दे. मग तू आपल्यात सांग. शेवटी मी बोलते.”

मी बोलले. पहिल्या वेळी ‘म्हणलं’वर कुणीतरी हसलं, ते पुसून परत केलं. दुसऱ्या वेळी सरळ बोलले, की मी मोखाड्याची टायपिंगवाली, मागच्या निरोपात चूक माझी होती, तारेच्या करंटला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, आधी आकडा, फ्यूज, मेन स्विच तोडा, नाही जमलं तर वाळक्या लाकडानं ढकला, पायाखाली कोरडं असू द्या, आणि डीपीच्या, मोठ्या तारेच्या जवळ तर लाकूड घेऊनही जाऊ नका, वायरमनला बोलवा. आभाळातली वीज पडलेल्याला मात्र लगेच धरा, दवाखान्यात न्या. आशाताईनं ते आपल्या बोलीत सांगितलं. मग ती बायको बोलली. मला त्यातलं ‘गिरणी’ तेवढं कळलं.

फोनला रेंज नव्हती. आशाताई रोज जिथं चढून निरोप पाठवते त्या खडकावर आम्ही चढलो. सरांनाही चढायचं होतं, त्यांना जीपवाल्यानं धरून बसवलं. आशाताईनं एकेका ग्रुपवर ते टाकलं. अकरा ग्रुप होते. मी प्रत्येकावर निरोप गेल्याची खूण उमटेपर्यंत बघत होते.

उतरल्यावर सर म्हणाले, “आज लेख तुम्ही लिहिलात.”  मला तेव्हा कौतुक नको होतं. मला वाटत होतं, आता डोळा बरा होईपर्यंत येणार नाहीत, आणि मग यायचं राहूनच जाईल.

तीन आठवडे आले नाहीत. चौथ्या आठवड्यात स्टूल ओढून बसले आणि पाठकोरे कागद पुढं ठेवले. विषय होता, पाणी तापवताना आवाज का येतो. “एकच बदल,” म्हणाले. “तुम्ही बदललेला प्रत्येक शब्द लाल करायचा. आणि मी डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही चढवायचं नाही. डोळा असो नसो.”

“मी बदललेलं चालेल अजून?”

“तुम्ही बदलणार नसाल तर मला इतक्या लांब कशाला आणताय?”

लेखाच्या वरची ती चूक सांगणारी नोंद अजून तशीच आहे. त्यात सरांनी लिहिलंय, ‘चूक लेखकाची’. मी भांडले त्यावर. ऐकलं नाहीत.

पण जुनी ध्वनिफीत मेली नाही. नवी आली म्हणून जुनी जात नाही. पावसाळ्यात दुकानात एका गिऱ्हाइकानं मला ती ऐकवली, त्र्यंबकच्या बाजूच्या कुणाकडून त्याला आली होती. कुठल्या कुठं पोचली होती. मी त्याच्याकडून पाठवणाऱ्याचा नंबर घेतला. असे नंबर मी घेते आता, वहीत लिहिते, आणि एकेकाला फोन लावते. बाहेर लाईट जात-येत होती.

“कोण बोलतंय?” पलीकडून एक माणूस.

“तुम्ही मला ओळखत नाही दादा. तुमच्या मोबाईलवर करंटचा एक निरोप आहे, हात लावा म्हणून. तो चूक आहे. ती चूक मी केली.”

  मग मागं माणसांचे आवाज आले, भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“थांबा बाई,” तो म्हणाला. “इथं चौघं बसलोय, आणि मोटर आत्ताच जोडायची आहे. स्पीकरवर टाकतो. बोला.”